दातांची जुनी तार गरम पाण्यात टाकली की पुन्हा कमान होते, हे नेमकं कसं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

कराडजवळच्या एका शाळेत मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. माझ्या धाकटीच्या दातांना तारा लावल्या आहेत. मागच्या वेळी डॉक्टरांनी वरची तार बदलली, तेव्हा जुनी तार तिने मागून घेतली. डॉक्टरांनी ती स्वच्छ करून दिली आणि तेव्हापासून आमच्या ओट्यावर तिचेच प्रयोग चालू आहेत.

काय होतं ते नीट सांगते. तार बारीक, राखाडी, दातांच्या ओळीच्या मापाची कमान. फ्रीजमधल्या पाण्यात मिनिटभर बुडवली की एकदम मऊ पडते. बोटाला गुंडाळा, पिळा, तशीच राहते. ओट्यावर नुसती ठेवली तर हळूहळू थोडी उलगडते, पण पूर्ण नाही. आणि चहाला ठेवलेल्या पाण्यात सोडली की पापणी लवायच्या आत पुन्हा पहिली कमान! एकही मुरड शिल्लक नाही. परत गार, परत गरम, परत तेच. शेजारी स्टीलची तार वाकवून त्याच पाण्यात टाकून बघितली. ती वाकली ती वाकलीच.

वर्गात दाखवलं तर मुलं बाकं सोडून टेबलाभोवती जमली, आणि त्यांच्या प्रश्नांना माझ्याकडे पुरती उत्तरं नव्हती. पदार्थ तापला की प्रसरण पावतो, एवढं आम्ही शिकवतो. पण प्रसरणाने तार किंचित लांब होईल, पिळलेली तार सुटेल कशी? आणि तिला कमानच व्हायचं आहे, सरळ व्हायचं नाही, हे धातूत कुठे लिहिलेलं असतं? एका मुलाने विचारलं, सायकलचं मडगार्ड याचं का करत नाहीत, चेपलं की गरम पाणी ओतायचं. त्यालाही नीट उत्तर द्यायचं आहे.

एक घरचा प्रश्नही आहे. सासऱ्यांच्या हृदयात स्टेंट बसवलेला आहे. मैत्रीण म्हणाली, तोही याच धातूचा असतो आणि अंगाच्या उबेने उघडतो. हे खरं आहे का? तसं असेल तर अंगात ताप भरल्यावर त्याचं काय होतं? त्यांनी हे ऐकल्यापासून ते रोज विचारतात.

---

रानवारा

ताई, द्विधातू पट्टी असेल का? इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये असते ती. दोन धातू एकमेकांना चिकटवलेले, एक जास्त प्रसरण पावतो, एक कमी, म्हणून पट्टी वाकते. तारेत तसंच काही केलेलं असावं असा माझा अंदाज. जाणकार सांगतीलच.

---

भट्टीकर

रानवारा, हा अंदाज बहुतेकांच्या मनात पहिला येतो, पण ताईंनी लिहिलेल्या वर्णनात तो बसत नाही. द्विधातू पट्टी जेवढी तापेल तेवढी वाकते आणि गार झाली की आपली आपण परत येते. ही तार गार झाल्यावर आपण होऊन पिळली जात नाही, पिळायला हात लागतो. शिवाय तिच्यात थर नाहीत, सगळीकडे एकच मिश्रधातू आहे.

कृष्णाकाठ ताई, तुमची तार नायटिनॉलची आहे. निकेल आणि टायटॅनियम, अणूंच्या हिशेबाने जवळजवळ निम्मे-निम्मे, वजनाने निकेल ५५ टक्क्यांच्या आसपास. मी धातुशास्त्र शिकलो आणि नोकरीची बरीच वर्षं या तारेला आकार देणाऱ्या भट्टीवर काढली, वैद्यकीय उपकरणांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमची स्टीलची तार बघू. ती वाकवली की आतले अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. घसरलेल्या अणूला नवे शेजारी मिळतात आणि नवी जागा त्याला जुन्या जागेइतकीच चांगली असते. परत जाण्याचं काही कारणच उरत नाही. उकळतं पाणी ओतून तो मागे फिरणार नाही.

नायटिनॉल गार असताना वाकतं ते वेगळ्या रीतीने. गरम अवस्थेत त्याच्या अणूंची मांडणी घनाकृती असते, सगळे कोन काटकोन. या अवस्थेला ऑस्टेनाइट म्हणतात. गार होताना एका ठरावीक तापमानाच्या टप्प्यात ही सगळी मांडणी कलते, ती मार्टेन्साइट. ढिली झालेली खाट आठवा. चौकट डावीकडे कलते किंवा उजवीकडे कलते, पण कोपऱ्यांचे सांधे सुटत नाहीत. तारेत असे असंख्य सूक्ष्म पट्टे असतात. एक पट्टा डावीकडे कललेला, त्याला लागूनचा उजवीकडे. एकाचा कल दुसरा भरून काढतो, म्हणून नुसती गार केल्याने तारेचा बाहेरचा आकार बदलत नाही. धातुशास्त्रात या पट्ट्यांना जुळे म्हणतात.

आता तुमची मुलगी तार पिळते. ज्या बाजूला ओढ बसते त्या बाजूला कललेले पट्टे रुंदावतात, विरुद्ध बाजूचे त्यांच्यात मिसळतात. तार पार वाकडी झालेली दिसते, पण आत एकाही अणूने शेजारी बदललेला नसतो. मग ती गरम पाण्यात पडते. कलायच्या दिशा अनेक होत्या, काटकोनात उभं राहायची जागा मात्र एकच आहे. डावीकडे कललेला असो की उजवीकडे, प्रत्येक पट्टा उठून त्याच जागी येतो, आणि सगळे जागेवर आले की बाहेरचा आकारही पहिला होतो. प्रसरणाचा इथे संबंध नाही. स्फटिकाची रचनाच बदलते, आणि अणूंना लांबचा प्रवास करायचा नसतो, म्हणून इतक्या झटकन बदलते.

याला मर्यादा आहे. धातू मूळ लांबीच्या ६ ते ८ टक्क्यांपर्यंत ताणला गेला असेल तर तो ताण सगळा परत येतो. त्यापुढे इथेही स्टीलसारखी घसरण सुरू होते आणि मुरड कायमची राहते. मुलीला सांगा, गाठ मारून करकचून ओढू नकोस. तरी ६ टक्के हा आकडा मोठा आहे. साधं स्टील अर्ध्या टक्क्याच्या आतच कायमचं वाकतं.

आता कमान कुठे लिहिलेली असते? ती भट्टीत लिहिली जाते, आणि हे सांगायला मला मनापासून आवडतं, कारण लोक ‘धातूला आठवतं’ एवढंच ऐकतात आणि ते कुणी बसवून दिलं हे राहून जातं. तार ओढून बारीक केलेली असते तेव्हा ती सरळ आणि ताठर असते. ती स्टीलच्या फिक्श्चरवर, म्हणजे तार जखडून धरणाऱ्या साच्यावर, खोबणीत बसवायची, दोन्ही टोकं पक्की आवळायची. आवळणं नीट झालं नाही तर तापल्यावर ती सरळ व्हायला बघते. मग फिक्श्चरसकट वितळलेल्या क्षारांच्या हौदात बुडवायची. आम्ही त्याला सॉल्ट बाथ म्हणतो. तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास. बारीक तारेला काही मिनिटं पुरतात, नंतर बाहेर काढून थेट पाण्यात. एवढ्या तापमानाला ओढकामात साठलेले ताण सैल होतात, आतली रचना नव्याने बसते, आणि त्या घडीला तार ज्या आकारात जखडलेली असेल तोच तिचा काटकोनातला, म्हणजे गरम अवस्थेतला आकार ठरतो. फिक्श्चर सोडलं की कमान हातात येते. हवेच्या भट्टीतून काढली तर तिच्यावर ऑक्साइडचा रंग चढलेला असतो, गवती पिवळ्यापासून निळ्यापर्यंत. एकाच कामात सकाळच्या तारा पिवळ्या आणि दुपारच्या निळ्या निघाल्या तर भट्टीचं तापमान किंवा वेळ हललेली आहे असं समजून काम थांबवायचं.

दुसरा मुद्दा तापमानाचा, आणि तो आकारापेक्षा अवघड. निकेलचं प्रमाण अणूंच्या हिशेबाने ०.१ टक्का वाढलं की रचना बदलायचं तापमान साधारण १० अंशांनी खाली येतं. म्हणजे एका तारेला तोंडाच्या उबेने जाग येईल, आणि निकेल जराच कमी असलेल्या दुसरीला उकळतं पाणी लागेल. म्हणून हा धातू निर्वात भट्टीत वितळवतात. हवा लागली तर टायटॅनियम प्राणवायू ओढून घेतं. ग्राफाइटच्या मुशीतून कार्बन आला तर तो टायटॅनियमशीच जोडी जमवतो, उरलेल्या धातूत निकेलचा वाटा वाढतो आणि तापमान घसरतं. उलट बाजूने, तयार तार ४०० ते ५०० अंशांत जास्त वेळ ठेवली तर निकेलने भरलेले सूक्ष्म कण वेगळे होतात, उरलेल्या धातूतलं निकेल घटतं आणि तापमान वर चढतं. तार थोडी खालच्या तापमानाची आली असेल तर आम्ही याच मार्गाने ती जागेवर आणायचो. तयार धातूच्या प्रमाणाला आपण हात लावू शकत नाही, पण भट्टीतल्या वेळेला लावू शकतो.

तपासणी कशी करतात ते वाचून तुमच्या मुलीला आनंद होईल. तारेचा तुकडा थंडगार अल्कोहोलमध्ये बुडवायचा, दांडीभोवती वाकवायचा, मग तो द्रव सावकाश तापवत न्यायचा आणि कोणत्या अंशाला तुकडा पुरता मूळ आकारात आला ते टिपायचं. त्या तापमानाला आम्ही ए-एफ म्हणतो. तिने फ्रीज, ओटा आणि चहाचं पाणी वापरून हीच चाचणी केली आहे. गार पाण्यात मऊ, ओट्यावर अर्धवट, गरम पाण्यात पूर्ण, म्हणजे ए-एफ तुमच्या खोलीच्या तापमानाच्या वर, तोंडाच्या उबेच्या आसपास. प्रयोगशाळेतला थर्मामीटर घ्या, गार पाण्यात गरम पाणी थोडं थोडं घालत ढवळत जा. आकडा मिळेल, आणि मुलांना आलेख काढता येईल.

हे गुण कुणाच्या लक्षात आले तेही वर्गात सांगण्यासारखं आहे. सोनं आणि कॅडमियमच्या मिश्रधातूत असं वागणं स्वीडनच्या आर्ने ओलांडर यांनी १९३२ मध्ये नोंदवलं होतं, पण त्याचा व्यवहारात उपयोग काय करणार? निकेल-टायटॅनियमची गोष्ट अमेरिकेतली. मेरीलँडमधल्या व्हाइट ओक इथे नौदलाची नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरी होती. तिथे विल्यम ब्यूलर १९५९ च्या सुमारास क्षेपणास्त्राच्या टोकासाठी उष्णता आणि धक्के सोसणारा मिश्रधातू शोधत होते. त्यांनी नुकत्याच ओतलेल्या काही कांड्या काँक्रीटच्या फरशीवर टाकून पाहिल्या. गार झालेली कांडी शिशासारखी बद्द वाजली आणि अजून ऊन असलेली खणखणली. तीच खणखणणारी कांडी पाण्याखाली धरून गार केली, तर तीही बद्द वाजायला लागली. आवाज बदलतो म्हणजे आतली रचना बदलते, हे त्यांनी तिथेच ताडलं. पुढे १९६१ मध्ये एका बैठकीत या धातूची घड्या घातलेली पट्टी हातोहात फिरत होती. डेव्हिड मझी नावाच्या अधिकाऱ्याने पाइप पेटवायच्या लायटरने ती तापवली आणि सगळ्यांसमोर तिच्या घड्या उलगडल्या. नंतर फ्रेडरिक वांग यांनी स्फटिकांच्या अंगाने त्याचा अभ्यास केला. धातूच्या नावात निकेल, टायटॅनियम आणि त्या प्रयोगशाळेची अक्षरं आहेत.

कांड्या टाकून आवाज ऐकणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. त्या आवाजाकडे कानाडोळा करणं अगदी सोपं होतं.

मडगार्डचं उत्तर: धातू महाग, कापायला आणि भोक पाडायला त्रासदायक, हत्याराची धार खातो. दाबून घडवलेला पत्रा प्रत्येक वेळी साच्यात जखडून भट्टीत घालावा लागेल. आणि दगडावर आपटून टोकदार पोचा आला तर तिथला ताण ८ टक्क्यांच्या सहज पुढे जातो, तो परत येणार नाही. पण त्या मुलाला सांगा की चष्म्याच्या काड्या या धातूच्या मिळतात, आणि त्यांना गरम पाणीही लागत नाही. त्यांचा ए-एफ खोलीच्या तापमानाच्या खाली ठेवलेला असतो. काडी वाकवली की दाबामुळेच मांडणी कलते, हात सोडला की लगेच उभी राहते. याला अतिलवचीकपणा म्हणतात. धातू तोच, फक्त तापमान दुसरीकडे नेऊन ठेवलेलं.

आता सासऱ्यांबद्दल. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत बसवतात ते बहुतेक स्टेंट कोबाल्ट-क्रोमियमचे किंवा स्टेनलेस स्टीलचे असतात. आत फुगा फुगवून ते उघडतात आणि उघडले की तसेच राहतात. अंगाच्या उबेशी त्यांचा संबंध नाही. नायटिनॉलचे स्टेंट मुख्यतः पायाच्या आणि मानेच्या रक्तवाहिन्यांत वापरतात, कारण तिथे बाहेरून दाब येतो, वाकणं होतं, आणि चेपल्यावर परत उघडणारी जाळी लागते. तेही शरीराच्या तापमानाला आधीच पूर्ण ऑस्टेनाइटमध्ये असतात, त्यामुळे ताप चढला म्हणून काही वेगळं होत नाही. डिस्चार्जच्या कागदांबरोबर स्टेंटचं कार्ड दिलेलं असतं. त्यांच्या डॉक्टरांना ते दाखवून स्टेंट कोणता आहे हे विचारून घ्या, म्हणजे त्यांची काळजी जाईल.

---

दंतपंक्ती

मी नाशिकला ऑर्थोडॉन्टिस्ट आहे. भट्टीकरांनी भट्टीची बाजू लिहिली, मी खुर्चीची बाजू लिहिते.

या तारा येण्याआधी सगळं काम स्टीलवर होतं. स्टील ताठर. वेड्यावाकड्या दातांच्या ब्रॅकेटमध्ये, म्हणजे दातावर चिकटवलेल्या खाचेच्या तुकड्यांत, ते थेट बसवलं तर दातावर भलता जोर येतो, म्हणून पक्कडीने तारेत वळसे पाडून तिला मवाळ करावं लागायचं. दात थोडे सरकले की जोर संपला, पुन्हा बोलवा, पुन्हा वळवा. आयोवा विद्यापीठातले जॉर्ज अँड्रियासन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नायटिनॉल दातांवर वापरायला सुरुवात केली. त्यांच्या पहिल्या तारांमध्ये उष्णतेचा गुण फारसा कामी आणलेला नव्हता, तारेच्या लवचीकपणाचाच उपयोग होता. १९८० च्या दशकात चीन आणि जपानमध्ये अतिलवचीक तारा तयार झाल्या. नंतर तांबं मिसळलेल्या तारा आल्या आणि त्या २७, ३५ आणि ४० अंश अशा तापमानांच्या येतात. ताई, तुमच्या मुलीची तार ३५ वाली असण्याची शक्यता जास्त.

आम्हाला या तारेचं मोल का वाटतं? कारण तिचा जोर हलका असतो आणि दात सरकत गेला तरी बराच काळ जवळपास तेवढाच राहतो. दात हलवायला हाडात पेशींचं काम व्हावं लागतं. हलका आणि सतत जोर त्याला मानवतो, जबर जोराने मुळांना इजा होऊ शकते.

बसवतानाही तापमान उपयोगी पडतं. एखादा दात फारच आत असेल तर तार गार करून घ्यायची. मऊ तार सहज ब्रॅकेटमध्ये जाते, वरून रबर लावायचं, आणि तोंडाच्या उबेने ती कामाला लागते. नवी तार घातल्यावर पहिले दोन-तीन दिवस ठणकतं, तेव्हा आम्ही गार पाण्याचा घोट तोंडात धरायला सांगतो. त्याने हिरडीला बरं वाटतंच, शिवाय तार तेवढ्यापुरती नरमते. गरम चहाने उलटं होतं, ओढ वाढल्यासारखी वाटते. तुमच्या मुलीला हे आता स्वतःच सांगता येईल.

मात्र शेवटपर्यंत ही तार चालत नाही. प्रत्येक दाताचा बारीक कल दुरुस्त करायला तारेत छोटी वळणं द्यावी लागतात, आणि ही तार पक्कडीचं वळण धरत नाही, परत कमान होते. म्हणून सुरुवात नायटिनॉलने आणि शेवट स्टीलने.

रूट कॅनॉलच्या फाइल्सही, म्हणजे दाताचं मूळ आतून घासून साफ करायच्या बारीक कानशीही, आता याच धातूच्या असतात. हरमीत वालिया आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दातांच्या नायटिनॉल तारेपासूनच अशा फाइल्स करून त्यांची चाचणी प्रसिद्ध केली. दाढेची मुळं वाकडी असतात. स्टीलची फाइल वाकड्या मुळात सरळ घुसायला बघते, ही वळणाबरोबर जाते.

दोन सूचना. तारेची टोकं तीक्ष्ण असतात आणि गरम पाण्यात ती उसळते, तेव्हा मुलांना तोंड भांड्याच्या जवळ आणू देऊ नका. आणि वर्गात कुणाला निकेलच्या दागिन्याने पुरळ येत असेल तर त्याने पुढे कधी तारा लावायच्या झाल्या तर डॉक्टरांना आधी सांगावं. नायटिनॉलवर टायटॅनियमच्या ऑक्साइडचा थर असतो आणि तो निकेल अडवून धरतो, तरी आम्हाला माहीत असलेलं बरं.

---

पावसाळी_सिॲटल

सुंदर धागा. मी मूळ सांगलीचा, स्थापत्य अभियंता, हल्ली सिॲटलला असतो. या धातूचं मोठ्या मापाचं काम माझ्या शहरात आहे म्हणून लिहितो.

इथे अलास्कन वे नावाचा जुना दुमजली उड्डाणपूल होता. त्याच्या जागी बोगदा झाला, आणि त्या कामात साउथ डिअरबॉर्न स्ट्रीटकडे उतरणाऱ्या रॅम्पच्या खांबांमध्ये नायटिनॉलच्या सळ्या घातल्या आहेत. सगळ्या खांबभर नाहीत, तो खर्च परवडणार नाही. भूकंपात खांब जिथे सर्वांत जास्त वाकतो तेवढ्याच भागात त्या आहेत. आजूबाजूला नेहमीच्या काँक्रीटऐवजी तंतू मिसळलेलं, थोडं वाकू शकणारं काँक्रीट. नेवाडा विद्यापीठाच्या रीनो इथल्या प्रयोगशाळेत सईद सईदी यांच्या गटाने असे खांब हलत्या टेबलावर ठेवून तपासले होते.

आपल्या नेहमीच्या खांबात भूकंपाच्या वेळी सळ्या कायमच्या ताणल्या जातात. पूल पडत नाही, माणसं वाचतात, पण खांब कललेला राहतो आणि पूल बंद करावा लागतो. रुग्णवाहिकेला नेमका तोच पूल हवा असतो. इथे सळी ताणली जाते आणि हादरा ओसरला की परत येते, खांब पुन्हा उभा. तापवायची गरज नाही, भट्टीकरांनी चष्म्याच्या काडीबद्दल सांगितला तोच गुण.

याच्या आधीचं उदाहरण इटलीतलं आहे. १९९७ च्या भूकंपात असिसीच्या सेंट फ्रान्सिस बॅसिलिकाची हानी झाली. दुरुस्ती करताना छप्पर आणि त्रिकोणी दर्शनी भिंत यांच्या जोडणीत या मिश्रधातूची साधनं बसवली. भिंत छपराला घट्ट बांधली तर ती हादऱ्यात फुटते आणि मोकळी सोडली तर कोसळते. ही साधनं तिला थोडं हलू देतात आणि परत जागेवर आणतात. आपल्याकडे किल्लारीनंतर कितीतरी दगडी इमारतींची डागडुजी झाली. जुन्या दगडी देवळांसाठी हा विचार आपल्या अभियंत्यांनी गंभीरपणे करावा असं मला फार वाटतं. धातू थोडाच लागतो आणि वाचतं ते पुन्हा बांधता न येणारं असतं.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. भट्टीकर काका, सासऱ्यांचं कार्ड सापडलं. त्यावर कोबाल्ट-क्रोमियम लिहिलंय. त्यांच्या डॉक्टरांनाही फोन करून विचारलं, त्यांनी तेच सांगितलं. सासऱ्यांनी तुमचं उत्तर मला दोनदा वाचायला लावलं आणि आता शेजारच्यांना समजावून सांगतात. दंतपंक्ती मॅडम, मुलगी गार पाण्याची बाटली घेऊन बसते आणि ‘आता मार्टेन्साइट’ असं म्हणते.

थर्मामीटरचा प्रयोग वर्गात केला. बहुतेक गटांना ३३ ते ३६ अंशांच्या दरम्यान तार पूर्ण कमान झालेली दिसली. ज्या गटाने पाणी घाईने ओतलं त्यांचा आकडा वर गेला, आणि का गेला हे त्यांचं त्यांनीच शोधलं.

आता विज्ञान प्रदर्शन जवळ आलंय आणि मुलांना हलणारं काहीतरी करायचं आहे. पाणी न वापरता, सेलवर. एकाने वाचलं की तारेतून वीज सोडली तरी ती तापून आखडते. कोणती तार घ्यावी, किती सेल लागतील? आणि गॅसच्या शेगडीवर आपण स्वतः तारेला नवा आकार देऊ शकतो का?

---

भट्टीकर

ताई, तुमच्या वर्गाने काढलेला आकडा वाचून मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. घाईने पाणी ओतणाऱ्या गटाची नोंद वहीतून काढू नका. आमच्याकडेही बाथ भराभर तापवला की आकडा वरच येतो, म्हणून तापवण्याचा वेग ठरवून दिलेला असतो.

प्रदर्शनासाठी दातांची तार नको. तिचा आकार कमानीचा आहे आणि ती सेलवर चालवायला जाड पडेल. रोबोटिक्सचं सामान विकणाऱ्या दुकानांत ‘मसल वायर’ मिळते. ती नायटिनॉलचीच, पण तापल्यावर लांबीने आखडावी अशी तयार केलेली, आणि ती ७० ते ९० अंशांना काम करते. ०.१५ मिलिमीटर जाडीची घ्या. तिचा विद्युतरोध मीटरला साधारण ५५ ओहम असतो, म्हणजे २० सेंटिमीटर तुकड्याला ११ ओहम. तीन सेल जोडले की साडेचार व्होल्ट, प्रवाह साधारण ०.४ अँपिअर. या जाडीच्या तारेला तेवढाच लागतो. ओहमचा नियम मुलांकडून आधी कागदावर सोडवून घ्या आणि मग मीटर लावून पडताळा.

तार ४ टक्के आखडते, म्हणजे २० सेंटिमीटरला ८ मिलिमीटर. पाहणाऱ्याला हे दिसणार नाही. म्हणून तार तरफेच्या टेकूजवळ बांधा आणि तरफेचं दुसरं टोक लांब ठेवा, टोक चांगलं सात-आठ सेंटिमीटर उचललं जाईल. तार ३०० ग्रॅमच्या आसपास वजन ओढू शकते. प्रवाह बंद केल्यावर ती आपण होऊन लांब होणार नाही, हे विसरू नका. रानवारांना दिलेल्या उत्तरातलाच मुद्दा आहे. ती परत ताणायला तारेवर १०० ते १५० ग्रॅमची ओढ सतत राहील असं वजन किंवा स्प्रिंग ठेवा. ४ टक्क्यांच्या आत राहिलात तर हीच तार हजारो वेळा चालेल. हव्यासाने जास्त ताणलीत तर थोड्याच फेऱ्यांत तिची आखडण्याची लांबी कमी होत जाईल.

कळ एक-दोन सेकंदच दाबायची. जास्त वेळ प्रवाह राहिला तर तार गरजेपेक्षा जास्त तापते आणि तिचा गुण बिघडतो. चालू असताना बोट लावू नका, चटका बसतो.

वेळ मिळाला तर मुलांना रिजवे बँक्स यांच्याबद्दल सांगा. त्यांनी १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत नायटिनॉलच्या तारांचे वेढे लावलेलं चाक केलं. अर्ध्या बाजूला गरम पाणी, अर्ध्या बाजूला गार. तारा एकीकडे आकार घेत, दुसरीकडे मऊ पडत, आणि चाक फिरत राही. इंधन न जाळता, नुसत्या कोमट पाण्यावर. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनासाठी विचार करायला हरकत नाही.

गॅसच्या शेगडीवर आकार द्यायला जाऊ नका. ज्योतीचं तापमान ५०० अंशांच्या फार वर असतं. इतकी बारीक तार क्षणात लाल होते, आतली रचना भरड होते, आणि मग ना धड लवचीकपणा राहतो ना ताकद. वितळलेल्या क्षारांचा हौद तर शाळेत किंवा घरी अजिबात नको. त्यात ओल्या वस्तूचा एक थेंब गेला तरी तप्त क्षार अंगावर उडतात. त्यापेक्षा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात चौकशी करा, मफल भट्टी, म्हणजे बंद कप्प्याची भट्टी, वापरू देतात का विचारा. तार स्टीलच्या जाड बोल्टच्या आट्यांमध्ये गुंडाळा, दोन्ही टोकांना नट आवळा, ५०० अंशांना दहा-पंधरा मिनिटं. बोल्ट तापायलाच बराच वेळ जातो, म्हणून वेळ तो तापल्यानंतर मोजा. मग चिमट्याने काढून बादलीत. हातमोजे आणि चष्मा घालून हे काम तिथल्या माणसाने करावं, मुलांनी लांबून बघावं. नट सोडलात की तारेची स्प्रिंग झालेली असेल. फ्रीजमधल्या पाण्यात ती ओढून सरळ करा आणि वर्गात गरम पाण्यात सोडा. यासाठी मात्र दातांचीच तार वापरा, मसल वायर नको.

एक शेवटचं, नाहीतर प्रदर्शनाच्या आदल्या रात्री अडाल. या तारेला सोल्डर धरत नाही, तिच्यावरच्या टायटॅनियम ऑक्साइडमुळे ते गोळा होऊन घरंगळतं. दोन्ही टोकं पितळी स्क्रू टर्मिनलमध्ये आवळा, तारेला आधी एक घडी घालून, म्हणजे ओढ बसल्यावर निसटणार नाही.